पाहुणे आले, गाव कुठं गेलं?

(फेडरेशनच्या वार्षिक सर्वसाधारण सभेत क्षेत्र समन्वयक यांनी केलेल्या भाषणाचा मजकूर)



अहवाल वाचून झालाय, ऑडिट मंजूर झालंय, आणि भाकरीचा वास इथपर्यंत यायला लागलाय. त्यामुळं मला किती वेळ आहे ते मला कळतंय. अध्यक्षताईंनी मला सांगितलं, "पर्यटनावर बोल, पण योजनांची यादी वाचू नको." म्हणून यादी आणलेलीच नाही. एका गावाची हकिगत सांगणार आहे. गाव लांबचं आहे, अमेरिकेतलं, बर्फातलं. पण ऐकता ऐकता तुम्हाला ओळखीचं वाटायला लागेल.

गेल्या वर्षभरात मी ज्या गटात गेले तिथं बचतीचा हिशोब झाला, सह्या-अंगठे झाले की एकच विषय निघतो: नवीन महाबळेश्वर. रस्ते विकास महामंडळाकडं नियोजन दिलंय, सुरुवातीच्या यादीतच आपल्या जिल्ह्यातली २३५ गावं. कुणी म्हणतं, रिसॉर्ट आले की मुंबईला गेलेली पोरं परत येतील. कुणी म्हणतं, आपण आपल्याच रानात पाहुण्याची भांडी घासायला लागू. एका मावशींनी तर मला धरूनच ठेवलं, "पोरी, हे चांगलं का वाईट, एका शब्दात सांग." एका शब्दात नाही सांगता येत, मावशी. पण हे सगळं जिथं आधीच होऊन गेलंय तिथं काय झालं, ते सांगता येतं.

गावाचं नाव ॲस्पेन. कोलोरॅडो राज्यात, रॉकी नावाच्या डोंगररांगेत. महाबळेश्वरच्या पावणेदोन पट उंच. हिवाळाभर बर्फ. तिथं लोक स्कीइंग करायला येतात, म्हणजे पायाला लांब पट्ट्या बांधायच्या आणि डोंगरावरून घसरत खाली यायचं. वर जायला पाळणे असतात, रोपवेसारखे. खाली घसरायला माणसं एका दिवसाचे दोनशे डॉलरच्या वर तिकीट देतात. आपण म्हणू, एवढे पैसे देऊन घसरायचं कशाला, पावसाळ्यात आमच्या बांधावर या, फुकट घसराल! (हशा)

हे गाव काही पहिल्यापासून श्रीमंतांचं नव्हतं. मुळात ती यूट नावाच्या आदिवासींची भूमी. १८७९ च्या सुमारास तिथं चांदी सापडली, आणि दोनच वर्षांत यूट लोकांपैकी बहुतेकांना तिथून हलवलं गेलं. बाहेरचा पैसा आला आणि मूळ माणूस गेला, हे ॲस्पेनमध्ये पहिल्यांदा झालं ते तेव्हा. खाणीच्या भरात दहा हजारांच्या वर वस्ती झाली. १८९३ साली सरकारनं चांदी खरेदी करायचा कायदा रद्द केला, भाव कोसळला, खाणी बंद पडल्या. लोक निघून गेले. १९३० साली गावात सातशेच्या आसपास माणसं उरली होती. घरं पडीक. कुणी विकत घ्यायला तयार नाही.

पुढं १९४५ साली शिकागोचे एक कारखानदार, वॉल्टर पेप्के, तिथं आले. खरं म्हणजे आधी त्यांच्या बायकोनं, एलिझाबेथनं, गाव पाहिलं होतं आणि तिनंच नवऱ्याला आणलं. पेप्केंनी जुनी घरं स्वस्तात घेतली, १९४६ ला स्कीइंगची कंपनी सुरू झाली, १९४७ च्या जानेवारीत पाळण्याचं उद्घाटन झालं. गावाला वाटलं, सोन्याचे दिवस आले. आणि आले सुद्धा! हे मी मुद्दाम सांगते. हॉटेलं झाली, कामं निघाली, पडीक घरांना रंग लागला. बाहेरचा पैसा म्हणजे लगेच वाईट, असं मी म्हणणार नाही. ज्या गावात बाळंतपणाला तालुक्याला न्यावं लागतं, तिथं रस्ता नको असं कोण म्हणेल?

पण पुढं बघा. ती स्कीइंगची कंपनी १९७८ साली हॉलिवूडच्या एका सिनेमा कंपनीनं विकत घेतली. नंतर ती शिकागोच्या एका मोठ्या उद्योगपती घराण्याकडं गेली. डोंगर तिथंच, बर्फ तोच, मालक बदलत गेले. आणि डोंगराच्या पायथ्याला घरं कोण घ्यायला लागलं? ज्यांना तिथं राहायचंच नाही, ते. वर्षातनं दोन-तीन आठवडे सुट्टीला यायचं, बाकी कुलूप. आपल्याकडंही वाडीत कुलूपबंद घरं आहेत. पण आपलं बंद घर म्हणजे माथाडीत कामाला गेलेला दीर. तो गणपतीला येतो, यात्रेला येतो, देवळाची वर्गणी देतो, म्हातारपणी परत येतो. तिथलं बंद घर म्हणजे नुसती ठेव. जसं आपण सोनं घेऊन ठेवतो, तसं त्यांनी घर घेऊन ठेवलंय, पुढं भाव वाढेल म्हणून.

आता या ठिकाणी जरा नीट लक्ष द्या, कारण सगळी मेख इथं आहे.

घराचा भाव कशावर ठरतो? घेणाऱ्याच्या खिशावर. गावात सगळे गावचेच घेणारे असतील, तर भाव गावच्या मजुरीच्या हिशोबात राहतो. पण शंभर घरांच्या गावात पाच घरं बाहेरच्या मोठ्या माणसानं वाट्टेल त्या भावाला घेतली, की उरलेल्या पंच्याण्णव घरांचा भाव पण तोच होतो. घर बदललं नाही, पत्रा तोच, मोरी तीच, भाव मात्र वाढला. ज्याला विकायचंय त्याला लॉटरी. ज्याला राहायचंय त्याला काहीच मिळालं नाही. आणि ज्याचं स्वतःचं घर नाही, जो भाड्यानं राहतो, त्याला भाडेवाढ.

ॲस्पेनमध्ये आज एका स्वतंत्र घराची सरासरी किंमत एक कोटी डॉलरच्या वर आहे. रुपयात ऐंशी कोटींच्या पुढं. ही सरासरी आहे, सगळ्यात महाग घर नव्हे. २०२४ च्या एप्रिलमध्ये एक घर साडेदहा कोटी डॉलरच्या वर विकलं गेलं. तिथं लोक चेष्टेनं म्हणतात, अब्जाधीशांनी लक्षाधीशांना गावाबाहेर काढलं. मग मास्तरीण, नर्सबाई, बस चालवणारा, हॉटेलच्या खोल्या झाडणारी, यांचं काय झालं असेल?

त्या खाली सरकल्या. ॲस्पेनच्या खाली नदीच्या खोऱ्यात एकापुढं एक गावं आहेत: बेसाल्ट, कार्बनडेल, ग्लेनवूड स्प्रिंग्ज, रायफल. आधी कामवाली माणसं बेसाल्टला गेली. तिथं भाव वाढला, तर कार्बनडेलला. मग ग्लेनवूडला, ते ६५ किलोमीटर. मग रायफलला, ते शंभराच्या पुढं. रोज पहाटे अंधारात बस पकडायची, बर्फातनं दीड-दोन तास, दिवसभर दुसऱ्याच्या चादरी बदलायच्या आणि रात्री परत. त्यात मेक्सिको, एल साल्वादोरहून पोटासाठी आलेल्या बाया पुष्कळ. एक मात्र चांगलं, त्या खोऱ्यात सार्वजनिक बससेवा फार मोठी उभी केलीय, लोकांनी मत देऊन, कर भरून. नाहीतर गावच बंद पडलं असतं. पण बघा ना, गावात काम आहे, गावात पैसा आहे, आणि काम करणारीला गावात रात्री अंग टाकायला जागा नाही.

बाजार पण बदलला. भर चौकात जिथं रोजच्या वापराचं सामान मिळायचं तिथं आता गुच्ची, प्राडा असली दुकानं. एक पर्स लाखात. भाडं परवडतं ते त्यांनाच. चार पैशांचा खिळा घ्यायला माणसाला खाली दुसऱ्या गावात जावं लागत असेल, तर त्या बाजाराला गावचा बाजार कसं म्हणायचं?

मला विचाराल तर ॲस्पेनचं दुखणं मजुरी कमी मिळणं हे नव्हतं. मजुरी वाढत होती. दुखणं हे, की मजुरी पायऱ्यांनी वाढली आणि जागेचा भाव पाळण्यानं वर गेला. आपल्या सभांमध्ये आपण नेहमी रोजगाराचं बोलतो. किती जणींना काम मिळेल, किती पगार मिळेल. जागा कुणाच्या नावावर राहील, हे कुणी विचारत नाही.

तिथल्या लोकांनी हे बघत बसून घेतलं का? नाही. आणि हाच भाग मला तुम्हाला सांगायचा होता.

१९८० च्या दशकाच्या सुरुवातीला शहर आणि जिल्हा यांनी मिळून एक गृहनिर्माण संस्था काढली. आज तिच्या ताब्यात सुमारे तीन हजार घरं आहेत, काही भाड्याची, काही मालकीची. सात हजार वस्तीच्या गावाच्या मानानं हे फार आहे. या घरांना अटी आहेत. घेणारा तिथंच काम करणारा पाहिजे, वर्षाला किमान पंधराशे तास. वर्षातले नऊ महिने त्यानं तिथं राहिलं पाहिजे. आणि विकताना बाजारभावानं विकायचं नाही, भाव वर्षाला फार तर तीन टक्क्यांनी वाढणार. म्हणजे घर तुमचं, राहा, मुलंबाळं वाढवा, पण त्यावर सट्टा खेळायचा नाही. पुढच्या कामवालीला ते परवडलं पाहिजे. यासाठी पैसा कुठून? गावात कुठलंही घर विकलं गेलं की किमतीच्या एक टक्का या घरांसाठी द्यावा लागतो. ज्या श्रीमंतीनं भाव चढवला तिच्याकडूनच वसुली. मला हे फार आवडलं.

होमस्टेवाल्या ताईंनी पुढचं ऐकावं. पाहुण्यांना घर भाड्यानं द्यायचा धंदा तिथं फार वाढला, तेव्हा २०२२ साली गावानं मतदान घेऊन जादा कर बसवला. पण सगळ्यांना सारखा नाही. मालक स्वतः त्या घरात राहत असेल तर पाच टक्के. नुसतं गुंतवणूक म्हणून घेऊन भाड्यानं चढवलं असेल तर दहा टक्के. आपल्याकडं चूल-घर सांभाळून दोन खोल्या पाहुण्याला देणारी बाई आणि पुण्यातनं फोनवर चाळीस खोल्या चालवणारा मालक, दोघांना आपण एकाच शब्दात 'पर्यटन व्यावसायिक' म्हणतो. तिथल्या मतदारांनी तो फरक ओळखला.

सगळं छान झालं असं समजू नका. तीन हजार घरं पुरत नाहीत, चिठ्ठ्या टाकून नंबर लागतो, एका घरासाठी कितीतरी अर्ज. जे आधी शिरले ते म्हातारे झाले, ते कुठं जाणार? म्हणून नव्यांना जागा नाही. आणि मोठी गोष्ट म्हणजे हे सगळं फार उशिरा सुरू झालं, भाव चढल्यावर. भाव चढायच्या आधी जी जागा फुकटात राखता आली असती, ती नंतर करोडो मोजून परत घ्यावी लागली.

त्याच राज्यातली अजून एक गोष्ट सांगते, मग आपल्याकडं येते. कोलोरॅडोच्या दक्षिणेला डुरँगो नावाचं गाव आहे, तिथंही जवळ स्कीइंगचा डोंगर. तिकडं गरीब लोक फिरत्या घरांच्या वस्तीत राहतात. म्हणजे पत्र्या-लाकडाचं तयार घर तुमचं, पण खालची जमीन दुसऱ्याची, तिचं महिन्याला भाडं. घर नावाला फिरतं, एकदा ठेवलं की हलत नाही. म्हणजे जमीनमालक म्हणेल ते भाडं. बाहेरच्या कंपन्या अशा वस्त्या विकत घेत सुटल्या होत्या. २०२० साली त्या राज्यानं कायदा केला: वस्तीची जमीन विकायची असेल तर आधी रहिवाशांना कळवायचं, आणि त्यांना स्वतः मिळून घ्यायची संधी द्यायची. मुदत तेव्हा नव्वद दिवस, आता एकशे वीस.

डुरँगोत पन्नास-साठ घरांच्या अशा एका वस्तीला २०२२ साली हीच वेळ आली. बाहेरची कंपनी जमीन घ्यायला निघाली होती. किंमत पन्नास लाख डॉलरच्या वर. रहिवासी कोण, तर हॉटेलात, बांधकामावर, लोकांच्या घरी काम करणारे, बरेचसे बाहेरच्या देशातून आलेले. त्यांनी सहकारी संस्था नोंदवली, एका जमीन-न्यासाची मदत घेतली, कर्ज उभं केलं आणि जमीन कंपनीच्या हातात जाऊ दिली नाही. एकटीनं कुठल्याच बाईला ते जमलं नसतं. आपण दर महिन्याला शंभर-दोनशे रुपये टाकतो, अंतर्गत कर्ज देतो, फेड वसूल करतो, बँकेत पत तयार करतो. त्यांनी नव्वद दिवसांत जे शिकलं ते आपण दहा-बारा वर्षं करतोय.

आता आपल्या देशात या. हिमाचलमध्ये मनालीजवळ असंच मोठं बर्फाचं गाव वसवायचा बेत होता. मोटारी बनवणाऱ्या हेन्री फोर्ड यांचे पणतू आल्फ्रेड फोर्ड त्यात होते. २००५ साली सरकारशी करार झाला. कुल्लूच्या लोकांना काळजी पडली ती चराईच्या कुरणांची, जळणाची, पाण्याची आणि देवस्थानांची. २००६ मध्ये नग्गर इथं कुल्लूच्या देवतांची सभा बसली. तिकडं देवाच्या वतीनं गुर बोलतो, आपल्याकडं अंगात येतं तसं. देवांनी नाही म्हणून सांगितलं. ते गाव काही उभं राहिलं नाही. देवांनी थांबवलं की माणसांनी, ते तुम्ही ठरवा. (हशा) पण हिमाचलमध्ये १९७२ पासून कायद्याचं कलम ११८ आहे, ज्यामुळं शेतकरी नसलेल्याला सरकारच्या परवानगीशिवाय शेतजमीन घेता येत नाही. तिथं शाळेतल्या पोराला पण एकशे अठरा म्हणजे काय ते माहीत असतं.

आपल्याकडं असं कलम नाही का? आहे. कूळ कायद्याचं कलम ६३. शेतकरी नसलेल्याला शेतजमीन विकायला परवानगी लागते. पण त्यात फट आहे. आराखड्यात तुमचा पट्टा शेतीऐवजी निवासी किंवा व्यापारी दाखवला, की ही अट सैल होते. म्हणून आराखड्याचा नकाशा हा नुसता रंगीत कागद नाही. आपल्या शिवाराला कुठला रंग दिलाय, झरा कुठं दाखवलाय, देवराई दाखवलीय का विसरलेत, गुरं चारायचा सडा कुठल्या रंगात गेलाय, हे बघितलं पाहिजे. प्रारूप आराखड्यावर हरकती आणि सूचना लेखी द्यायचा अधिकार कायद्यानं प्रत्येकाला आहे. त्याला वकील लागत नाही, ग्रामसंघाच्या लेटरहेडवर पण देता येते, पोहोच मात्र घ्यायची.

शेवटचा विषय नाजूक आहे, पण समोर बसलेल्यांपैकी काहींच्या घरात तो आत्ता चालू आहे, म्हणून बोलते.

जमिनीला भाव नव्हता तेव्हा माहेरी कुणी आपल्या नावाची आठवण काढत नव्हतं. आता भाऊबीजेला साडी जरा भारीतली येते आणि साडीबरोबर कागद येतो. हक्कसोडपत्र. "ताई, नुसती सही पाहिजे." भाऊ वाईट आहे असं मी म्हणत नाही. त्याच्या मागं एजंट असतो, त्यानं घाई लावलेली असते. पण २००५ च्या कायद्यानं वडिलोपार्जित मिळकतीत मुलीचा हिस्सा मुलाइतकाच आहे, आणि महाराष्ट्रानं तर १९९४ लाच त्या दिशेनं कायदा केला होता. तुम्हाला सोडायचा असेल तर सोडा, तुमची मर्जी. पण काय सोडताय, किती गुंठे, आज त्याचा भाव काय, आणि ती जमीन भावाकडं राहणार आहे का पुढच्या महिन्यात तिसऱ्याच्या नावावर जाणार आहे, एवढं विचारून मग. माहेर टिकावं म्हणून सही करायची आणि माहेरच विकलं जायचं, असं एका गटात मी बघितलंय. नाव सांगणार नाही.

आणि विकायचीच वेळ आली, आजारपण आहे, पोरीचं शिक्षण आहे, तर सगळीच विकायची का, थोडी भाडेपट्ट्यानं देता येईल का, नोंदणी करून, मुदत घालून, हे एकदा गटात बोला. गटात बोललं की निदान इसाराच्या पावतीवर कोऱ्या जागा सोडल्यात का ते चार जणी बघतात.

तर आता कामाचं. पुढच्या महिन्याच्या ग्रामसंघाच्या बैठकीला येताना प्रत्येकीनं सासरचा सातबारा आणि आठ-अ घेऊन या. माहेरचा मिळाला तर तोही. आपलं नाव कुठं आहे, कुठं नाही, इतर हक्कात काय लिहिलंय, ते आपण मिळून वाचू. ज्यांना वाचता येत नाही त्यांच्या शेजारी सीआरपी ताई बसतील. ज्या गावांचा नकाशा मिळालाय त्याची मोठी प्रत मी काढून आणते. गावच्या म्हाताऱ्या बायांना त्या दिवशी मुद्दाम बोलवा, झऱ्यांची आणि वाटांची नावं त्यांनाच माहीत आहेत, आणि नकाशात ती लिहायची राहिलीत.

जेवण झाल्यावर मी इथंच थांबणार आहे. हक्कसोडीचा कागद कुणाच्या पिशवीत असेल, तर सही करायच्या आधी दाखवा.